आमेनपर्यंत

४ मार्च

प्रिय पोपट,

सलाम. पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन न करता लिहितेय, कारण घर एवढंसं आणि फोनवरचा शब्द न् शब्द ह्यांच्या कानावर पडतो. त्यातलं किती समजतं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. समजत असेल तर माणसाच्या तोंडावर त्याच्याच तक्रारी कशा करायच्या? म्हणून ह्यांचा डोळा लागला की मी ओट्यापाशी उभी राहून लिहिते. बसले तर मलाच झोप लागेल.

बातमी अशी की हे बोलले.

झटका आल्यापासून घशातल्या घरघरीखेरीज तोंडातून काही निघालं नव्हतं. उजवं अंग तर गेलेलंच आहे. आज दुपारी मी ताटली घेऊन आले, गळ्याला फडकं बांधलं, आणि हे एकदम, स्वच्छ, कुठेही न अडखळता म्हणायला लागले. ह्यांच्या आईनं शिकवलेली जेवणाआधीची प्रार्थना. आमच्या लग्नात तू ऐकली होतीस आणि "ही तर बालवाडीची आहे" म्हणाला होतास. तीच:

देवबापा, आम्ही तुझी लेकरं.
जे ताटात आहे ते तू दिलंस.
जे नाही ते तुला ठाऊक आहे.
हात धर, म्हणजे झालं. आमेन.

माझ्या हातातला चमचा पडला. रडतच खाली गेले आणि नर्सबाईला ओढून वर आणलं. नर्सबाई म्हणजे पहिल्या मजल्यावरची, रिटायर झालेली. तिच्याच जिवावर सध्या आमचं चाललंय. ती म्हणाली, "काहीतरी विचारा बघू." मी विचारलं, "पाणी हवंय का?" हे म्हणाले, "देवबापा, आम्ही तुझी लेकरं." "उशी सरळ करू?" "देवबापा, आम्ही तुझी लेकरं." शेवटी विचारलं, "मी कोण, सांगा." माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आले, ओठ हलले, आणि पुन्हा तेच निघालं.

डॉक्टर म्हणतात, लहानपणी पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. बाकीचं कपाट जळालं तरी तो कप्पा वाचतो. आणखी बोलणं येईल का, तर म्हणे आशा ठेवा. ठेवते. खाट, खुर्ची, भांडं आणि मी, एवढ्यात कुठेतरी जागा करून ठेवते.

जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या ह्या माणसानं, आणि घर घेतलं बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. आता खाली न्यायचं म्हणजे चार माणसं लागतात. इस्पितळातून घरी आणल्यापासून तू ह्यांना पाहिलेलं नाहीस. जमलं तर ये.

तुझी ताई


१५ मार्च

प्रभूमध्ये प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझं पत्र वाचता वाचता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. काय ही साक्ष! शब्द गेले, शक्ती गेली, कमावलेलं सगळं गेलं, आणि त्या ढिगाऱ्यातून वर आली ती प्रार्थना! मला राहवलं नाही. परवाच्या रविवारी चर्चमधल्या उपासनेत तुझं पत्र वाचून दाखवलं. (तू कोण, गाव कुठलं, हे सांगितलं नाही.) "जे नाही ते तुला ठाऊक आहे" ह्या ओळीवरच प्रवचन केलं. माणसं रडत होती ताई. एरवी माझ्या प्रवचनात घड्याळ बघणारे आमचे खजिनदारसुद्धा चष्मा पुसत होते. मंडळीच्या मासिकात छापावं असा आग्रह आहे.

तू किती भाग्यवान आहेस ह्याची तुला कल्पना नसेल. दिवसभर ज्या घरात प्रार्थना चालते, त्या घरात राहायला मिळणं! तू थकत असशील, पण थकलेल्यांसाठीच तर त्याची वचनं आहेत. सोबतच्या कागदावर काही लिहून पाठवतोय, भिंतीवर लाव.

यायचं खूप मनात आहे. पण इथे देवळाच्या छताचं काम निघालंय, दोन लग्नं आहेत, आणि माझ्यावाचून पान हलत नाही अशी परिस्थिती आहे. भावजींना माझा सलाम सांग. मी ठीक आहे.

तुझा भाऊ


२ एप्रिल

पोपट,

सलाम नंतर. आधी तुझ्या मंडळीला जाऊन सांग की ते प्रार्थना करत नव्हते. ह्यांना लघवीला लागली होती.

तुझ्या पत्रानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी आठवडाभर थांबून लिहितेय. आमच्याकडे काय चालतं ते ऐक. पहिल्याच ओळीवर थांबले की अर्थ, इकडे ये. "ताटात" ह्या शब्दावर जोर आला की भूक. तेच म्हणताना ओठ चाटले तर तहान. "जे नाही ते तुला ठाऊक आहे" एवढंच पुन्हा पुन्हा आलं तर भांडं, आणि ताबडतोब. "हात धर" म्हणजे कूस बदल, नाहीतर वर सरकव, नाहीतर पायात गोळा आलाय. हे शिकायला मला किती चादरी धुवाव्या लागल्या ते विचारू नकोस. आता सुरावरूनच कळतं. वाक्य पुरं व्हायच्या आत मी पोचलेली असते. नर्सबाई म्हणते, "तुमच्या नवऱ्यानं तुमच्यासारखी लिफ्ट कधी पाहिली नसेल, बटण दाबायच्या आधी दार उघडतं!"

आता आमच्या इथल्या मंडळीचं सांगते. बातमी पसरलीच होती. गेल्या रविवारी उपासनेनंतर जिना चढून बरीच माणसं आली. हे सुरू झाले, "जे नाही ते तुला ठाऊक आहे, जे नाही ते तुला ठाऊक आहे." मी भांडं घेऊन उठले, तर आमच्या जुन्या कारभाऱ्यांनी हातानंच मला थांबवलं. "बाई, त्यांना अडवू नका," म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. मी भांडं पाठीमागे धरून उभी. तोंड उघडलं असतं तर ह्यांची अब्रू गेली असती. ह्यांचे डोळे माझ्यावर, विनवणारे. सगळ्यांचं आमेन म्हणून होईपर्यंत चादर भिजली होती. जाताना एक बाई माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "केवढी शांती आहे हो तुमच्या घरात!"

ती गादी मी एकटीनं गच्चीवर नेली. अर्ध्या जिन्यात बसले, आणि शेजारच्यांना दार उघडायची भीती वाटेल अशी रडत राहिले.

आणि तू पाळक आहेस म्हणून तुलाच सांगते. मला ती प्रार्थना आता ऐकवत नाही. कुकरच्या शिट्टीसारखी झालीय, वाजली की उठायचं. मी स्वतः ताटावर बसले की मुकाट्यानं घास घेते. प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं तर वाटतं, मीच कुणाला तरी हाक मारून उठवतेय, आणि तो बिचारा आधीच दमलेला असेल तर?

तू लहानपणी रविवारच्या शाळेत एका अक्षराचा अर्थ न कळता धडाधड वचनं म्हणून बक्षिसं मारायचास, म्हणून तर घरात पोपट झालास. तुझा कागद भिंतीवर लावलेला नाही. ओट्याखालच्या कपाटाचं दार नीट बसत नव्हतं, त्याच्या फटीत घडी करून घातलाय. दार आता छान बसतं.

ह्या महिन्यात मला जरा इस्पितळात जाऊन यायचंय. दिवसभराचा खोळंबा आहे. तू दोन दिवस आलास तर बरं होईल.

ताई


२० एप्रिल

प्रिय ताई,

सलाम. पत्र वाचून झालं आणि जेवणाचं ताट तसंच सारलं. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, ताईनं कान उपटले. तिनं पत्र मागून घेतलं, वाचलं, आणि म्हणाली, "बरं केलं."

खरं सांगू? त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे रविवारसाठी एक ओळ नव्हती. गेलं वर्षभर हे असंच चाललंय. मी जुनी प्रवचनं शेवट बदलून देतो. प्रार्थनेला उभा राहिलो की तोंड आपोआप चालतं, अर्धा तास चालतं, आणि मी मनात छताच्या पत्र्यांचा हिशोब करत असतो. अशात तुझं पत्र आलं. मला ते बुडत्या माणसाला मिळालेल्या फळीसारखं वाटलं. ती फळी कुणाच्या पाठीवर होती ते मी पाहिलं नाही. मासिकात छापणं थांबवलं आहे. पण सोमवारपासून मला प्रार्थना सांगता येईनाशी झालीय. सुरुवात केली की वाटतं, ह्या सगळ्यामागे मला खरं काय हवंय?

असो. भावजींना इस्पितळात न्यायचं म्हणतेस, तर खाली उतरवायला माणसं मी इथून फोन करून तुमच्या मंडळीतून मिळवून देतो. आणि ताई, रागावू नकोस, पण भावजींना एखाद्या सेवागृहात ठेवण्याचा विचार कर. तुझ्या भागातही एक आहे. सगळं तू एकटीनं ओढायलाच हवं असं देवानं कुठे म्हटलंय?

छताचं काम अजून चालू आहे.

तुझा पोपट


८ जून

प्रिय पोपट,

सलाम. मध्ये बराच काळ गेला. तू दोनदा फोन केलास, दोनदा मी "सगळं ठीक" म्हटलं. फोनवर दुसरं काही म्हणताच येत नाही.

इस्पितळात ह्यांना न्यायचं नव्हतं. मला जायचं होतं. तसं मी लिहिलंही होतं, पुन्हा वाचून बघ. पण तुझी चूक नाही. ह्या घरात आजारी म्हटलं की एकच माणूस, अशी सगळ्यांना सवय झालीय. मलासुद्धा.

पोटात गाठ आहे. हिवाळ्यापासून रक्त जात होतं आणि मी वयाचं असेल म्हणत राहिले, कारण वयाचं म्हटलं की इस्पितळात जावं लागत नाही. गाठ काढायची आहे. कसली आहे ते काढून तपासल्यावर कळेल म्हणतात. अंगात रक्त नाही, म्हणून आधी काही दिवस ठेवून रक्त चढवणार, मग ऑपरेशन, मग पुढे महिनाभर वजन उचलायचं नाही. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "वजन म्हणजे किती?" म्हणाल्या, "पाण्याची बादली नको." मला हसू आलं. माझं वजन पाण्याच्या बादलीपेक्षा बरंच मोठं आहे, आणि ते दिवसातून अनेकदा कुशीवर वळवावं लागतं.

सेवागृहातही जाऊन आले, तू म्हणालास म्हणून. तिथल्या बाई भल्या आहेत. विचारलं, "ते काय हवं ते सांगतात कसं?" मी प्रार्थना म्हणून दाखवली, कुठल्या ओळीला काय ते समजावलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्यांना खरोखरची प्रार्थना करायची असली तर?" मी म्हटलं, "ती नाही करत." एवढं बोलले आणि त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. का ते मला अजून कळलेलं नाही. तिथे सध्या जागा नाही, ते वेगळंच.

काल मी ह्यांना सगळं सांगितलं. खाटेवर बसून, हळू, एकेक शब्द. मला गाठ आहे, कापणार आहेत, मी काही दिवस नसेन. ह्यांनी ऐकलं. मग, "देवबापा..." म्हणाले, आणि मी सवयीनं उठले, पाणी आणलं. प्यायले नाहीत.

मला मरणाची फार भीती वाटत नाही रे. झोप मिळेल असंच वाटतं. भीती ह्याची आहे, की मी गेले तर ह्यांचं बोलणं समजणारं माणूस उरणार नाही. हे दिवसभर त्या चार ओळी म्हणत राहतील, आणि माणसं डोळे मिटून आमेन म्हणत राहतील.

देवावर भरवसा ठेव असं लिहू नकोस. मी ठेवलाय की नाही तेच मला सांगता येत नाही. इतकं दमल्यावर भरवसा कुठला आणि नाइलाज कुठला, कळेनासं होतं. कागद पाठवू नकोस. तू ये.

ताई


१३ जून

ताई,

गुरुवारी पोचतो. परत जायची तारीख काढलेली नाही. छत पडलं तर पडलं. माझ्यावाचून पान हलत नाही म्हणालो होतो, मंडळीला विचारलं, तर "सावकाश या" म्हणाले. चांगलंच हलतंय पान.

पोपट


२४ जून

प्रिय ताई,

सलाम. नर्सबाईंच्या हाती हे पाठवतोय. वॉर्डात फोन चालतो हे माहीत आहे, पण फोनवर तू "ठीक" म्हणतेस, मी "ठीक" म्हणतो, आणि दोघंही आपापल्या जागी खोटं बोलून फोन ठेवतो.

भावजी सुखरूप. मी अर्धा उरलोय. पहिल्या दुपारी मी त्यांच्यासमोर ताटली ठेवून सवयीनं प्रार्थनेला सुरुवात केली. आजारी, प्रवासी, राज्यकर्ते, सगळ्यांना घेतलं. डोळे उघडले तर भावजींनी डाव्या हातानं भात संपवला होता, निम्मा पोटात, निम्मा मानेवर. त्यानंतर माझी प्रार्थना आटोपशीर झालीय.

तू शिकवून गेलीस तरी मी सगळं उलटं केलं. तहानेला कूस बदलली, भुकेला भांडं दिलं. भांड्याच्या वेळी काय दिलं ते न सांगितलेलं बरं. एका चुकीला भावजींनी कपाळावर डावा हात मारून घेतला. ताई, त्यांना समजतं. सगळं नाही, पण मी बावळट आहे हे पक्कं समजतं.

काल त्यांचे पाय धुतले, नखं कापली. पाय धुण्यावर मी किती प्रवचनं दिलीत त्याची गणती नाही. आयुष्यात दुसऱ्याचे पाय धुतले ते काल पहिल्यांदा. अंगठ्याला थोडं रक्त काढलं. बघितलं माझ्याकडे, लिफ्ट मध्येच बंद पाडणाऱ्या नवशिक्या मेकॅनिककडे बघावं तसं. पाठीचा काटा ढिला झालाय माझा. तू हे इतके महिने एकटीनं केलंस आणि मी तुला भाग्यवान म्हटलं.

आता एक अडलंय. संध्याकाळी, खिडकीतलं ऊन गेलं की ते अख्खी प्रार्थना म्हणतात. सावकाश, चारही ओळी, आमेनपर्यंत. कुठल्याच शब्दावर जोर नाही. ह्याचा अर्थ तू सांगितला नव्हतास. मी पाणी दिलं, भांडं दिलं, उशी बदलली, खिडकी लावली, पुन्हा उघडली. काहीच नको असतं. रोज होतं. तेव्हा त्यांना काय हवं असतं?

तुझा पोपट


२५ जून

प्रिय पोपट,

सलाम. हाताला सुई आहे म्हणून अक्षर वाकडं. दोन बाटल्या रक्त चढलं, तिसरी चालू आहे. कुणाचं असेल कोण जाणे. माझ्या अंगात आता परक्या माणसांचं रक्त फिरतंय, आणि परक्या घरातलं कुणीतरी सकाळी माझं अंग पुसतं. मी म्हटलं, "मी करते," तर ती पोरगी म्हणाली, "पडून राहा हो, जरा करून घ्यायला शिका." इतकं अवघड मला दुसरं काही गेलं नाही.

तुझा प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला.

मला माहीत नाही. आमेनपर्यंत? माझ्यासमोर हे एकदाच, त्या पहिल्या दिवशी आमेनपर्यंत गेले होते. त्यानंतर कधीच नाही. मी जाऊच दिलं नाही. "देवबापा" म्हटलं की मी उभी, दुसरी ओळ येईतो हातात पेला, तोंडाला लावला की बोलणं बंद. संध्याकाळी तर माझी घाईच असते, अंथरुणं, औषधं, उद्याची तयारी. किती संध्याकाळी मी ह्यांच्या तोंडाला पेला लावून गप्प केलंय?

सेवागृहातल्या बाईंना मी किती खात्रीनं सांगितलं, ती नाही करत म्हणून.

उद्या संध्याकाळी काही देऊ नकोस. नुसता बस आणि कुठे बघतात ते बघ. मला कळव. परवा सकाळी नेणार आहेत आत.

ताई


२६ जून

प्रिय ताई,

नर्सबाई थांबल्यात, म्हणून थोडक्यात. त्या उद्या पहाटेच्या बसनं येतील, आत न्यायच्या आधी हे तुझ्या हातात पडावं.

आज ऊन गेल्यावर मी खुर्ची ओढून बसलो. हातात काही घेतलं नाही. भावजींनी आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग जरा सैलावले. त्यांच्या खाटेला लागून तुझी गादी आहे, तिच्याकडे त्यांनी मान वळवली. डावा हात सरकवत सरकवत तुझ्या उशीवर नेला. मग सुरू झाले.

पहिल्या दोन ओळी उशीकडे बघत. "जे नाही" म्हणताना दाराकडे बघितलं, ज्या दारातून तू गेलीस त्या दाराकडे, आणि जरा थांबले. मग उरलेली ओळ. "हात धर" आलं तेव्हा मी मूर्खासारखा उठलो, कूस बदलायला. त्यांनी माझा हात झटकला. ते मला सांगितलंच नव्हतं. माझ्याशी बोलतच नव्हते ते.

आमेन झालं आणि डोळे मिटले.

मी आधी म्हणालो होतो तेच खरं ठरलं, असं मी म्हणणार नाही. दुपारी ह्याच ओळीला त्यांना लघवीच लागली होती, मी साक्षीदार आहे, चादर मीच धुतली. पण संध्याकाळची ती दुसरी गोष्ट आहे. शब्द तेवढेच आहेत त्यांच्याकडे. मागायचं ते सगळं त्यातूनच मागतात, तुझ्याकडे आणि त्याच्याकडे.

मग मीही म्हटली. तीच, बालवाडीची. मनात छताचा पत्रा एकदाही आला नाही. ताई, मला फार दिवसांनी कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. माझी मोठी प्रार्थना परत आलेली नाही, यायला नको आहे. उद्या तू आत असशील तेव्हा आम्ही दोघं एवढीच म्हणणार. तुला म्हणवत नसेल तर म्हणू नकोस. आमच्यात धर.

तुझा पोपट


१६ जुलै

प्रिय पोपट,

सलाम. पोचल्याचं कळलं. रविवारी तू मंडळीपुढे उभा राहून चादरीसकट सगळं खरं सांगितलंस, हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. खजिनदार हसले की रडले हे तिला ठरवता आलं नाही म्हणे. आणि आता तुझ्या मंडळीतली दोघं तरुण मुलं आळीपाळीनं महिनाभर इथे राहायला येणार, हे तू जमवलंस. पहिला काल आला. जिना चढून धापा टाकत होता. ह्यांनी त्याला पाहिलं आणि "ताटात" वर जोर दिला. त्यानं मला न विचारता चमचा उचलला. तू पढवून पाठवलंस तर.

तू बसलास, गाडी सुटली, आणि मला घर खायला उठलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू पाठवलेल्या पत्राचं मी तुझ्याशी बोललेच नाही. ते वाचलं तेव्हा माझं नाव पुकारलं होतं. पत्र उशीखाली ठेवता येईना, दागिने नाहीत, कागद नाहीत, आत काही न्यायचं नाही म्हणाले. म्हणून रिकाम्या हातानं गेले. भूल देणारा म्हणाला आकडे मोजा. मी आकडे मोजले नाहीत. पहिली ओळ म्हटली, दुसरीपर्यंत पोचले असेन, मग काही आठवत नाही. पुढची तुम्ही दोघांनी म्हटली असणार.

गाठीचं अजून कळलेलं नाही. इथल्यांना खात्री वाटेना, म्हणून तुकडा दुसरीकडे तपासायला पाठवलाय. पुढच्या आठवड्यात बोलावलंय. रोज कॅलेंडर बघते, खोटं कशाला सांगू. मी काही मोठी विश्वासाची बाई झालेली नाही. दमलेलीच आहे, फक्त आता ते लपवत नाही. सकाळी अंग पुसून घ्यावं तसं त्याच्यापुढे पडून राहायचं, एवढंच शिकलेय.

तू गेलास त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. खिडकीतलं ऊन गेलं. हे म्हणाले, "देवबापा," आणि मी उठलेच. पाय सवयीनं उठले. मग टाके ओढले गेले आणि तुझं पत्र आठवलं. खाली बसले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, ही कशी काय बसली म्हणून. मी म्हटलं, "म्हणा. मी कुठे जात नाही." ह्यांचा डावा हात उशीकडे निघाला होता, तो मध्येच वळला आणि माझ्या हातावर आला. चारही ओळी म्हटल्या. इतक्या महिन्यांत मी ह्यांचा आवाज ऐकला नव्हता रे, नुसती शिट्टी ऐकत होते. आवाज तसाच आहे, लग्नातला. शेवटी मीही आमेन म्हटलं.

आणि मग कळलं की त्या वेळेला दोन्ही होतं. आमेन झालं आणि चादर चिंब.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाची डावी बाजू आधी हलली, मग घशातून आवाज आला, आणि मला कळेपर्यंत हे हसत होते. मीही हसले, टाक्यांवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वजन उचलायचं नाही म्हणून खालून नर्सबाईला हाक मारली. ती आली, दोघांना हसताना बघून दारातच थांबली, मग बाह्या वर करून कामाला लागली. मी बसून तिला करू दिलं.

कोरडी चादर घातल्यावर जेवायला घेतलं. माझं ताटही ह्यांच्या खाटेवरच मांडलं. प्रार्थना ह्यांनी म्हटली, पुन्हा पहिल्यापासून, आणि भात निवला तरी मी पूर्ण ऐकली.

तुझी ताई